पाठमोरे मास्तर

वाहिनीच्या जनसंपर्क विभागाने गेल्या महिन्यात प्रसिद्धीला दिलेले निवेदन असे: "आमच्या कार्यक्रमाच्या लाडक्या कलाकार नऊ वर्षांपूर्वी वैयक्तिक कारणास्तव व परस्पर संमतीने विश्रांतीसाठी गेल्या होत्या. प्रेक्षकांचा कौल हाच आमचा एकमेव निकष होता, आहे आणि राहील. त्याच कौलाला मान देऊन त्या आता पाहुण्या सूत्रसंचालक म्हणून आपल्या घरी परतत आहेत."

या तीन वाक्यांत निर्विवाद खरा असलेला शब्द एकच, 'नऊ'. बाकीचे क्रमाने पाहू.

कारण वैयक्तिक होते यात शंका नाही. प्रश्न इतकाच की ती व्यक्ती कोण. परस्पर संमतीला किमान दोन पक्ष लागतात. ज्या संध्याकाळी ही संमती झाली, त्या वेळी एक पक्ष मेकअप रूममध्ये आरशासमोर बसून गालावरचा रंग पुसत होता आणि आपण संमती दिल्याचे त्याला दाराच्या फटीतून कळले. विश्रांतीविषयी वाद घालत नाही. कड्यावरून ढकललेल्या माणसालाही उंचीच्या भीतीपासून विश्रांती मिळतेच. 'घर' हा शब्द ज्याने लिहिला त्याने त्या इमारतीत कधी चहा मागून पाहिलेला नसावा.

उरला प्रेक्षकांचा कौल. निवेदनातले हे सर्वांत निर्लज्ज वाक्य, आणि नऊ वर्षे ते सर्वांनी खरे मानले. मानणाऱ्यांत माझी धाकटी बहीणही होती. विनोदी नटीने स्वतःविषयी विश्वास ठेवू नये असे एकच विधान असते, आणि तिने नेमका त्याच्यावर विश्वास ठेवला: आपण लोकांना हसवू शकत नाही.

तो कार्यक्रम दर आठवड्याला संध्याकाळी थेट प्रक्षेपित होतो. छोटी छोटी स्किट्स, मध्ये गाणे, सुरुवातीला पाहुण्याचे भाषण. धाकटी तिथे ऐन विशीत लागली आणि चार हंगाम गाजली. तिच्या पाचव्या हंगामात लोक हसेनासे झाले. हळूहळू नव्हे, दिवा मालवावा तसे. तीच नटी, तसेच प्रसंग, आणि समोर खोकल्यांचे आवाज. हंगाम संपायच्या आत तिची विश्रांती सुरू झाली.

त्यानंतर तिने जे केले त्याला आमची आई 'खाली-वर' म्हणते. धाकटीचा आवाज मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टमध्ये बसवला आहे. मी ज्या विद्यापीठात शिकवते तिथल्या लिफ्टमध्येही तीच आहे. रोज सकाळी माझी सख्खी बहीण मला अत्यंत परक्या सुरात सांगते की दरवाजे बंद होत आहेत, आणि मी माना डोलावणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये उभी राहून ते ऐकून घेते. विनोदी भूमिका तिच्याकडे अधूनमधून येत. तिने एकही घेतली नाही. घरात मात्र तिच्या जिभेला हाड नव्हते. जेवताना ती शेजाऱ्यांच्या, डॉक्टरच्या, माझ्या अशा काही नकला करी की आईला घास खाली ठेवावा लागे. आणि मग आई हसू आवरून नेहमीचा टोमणा मारी: "घरात एवढी टवाळी करतेस, तिथं कशी गं दातखिळी बसली?"

धाकटीचे उत्तरही ठरलेले. "तिथं तू नव्हतीस. टवाळीला सामान लागतं."

यंदा तिला बोलावण्याचे कारण कौल हे नव्हते. कार्यक्रमाचा पंचविसावा हंगाम होता, जुन्या कलाकारांना आळीपाळीने आणून बसवण्याची टूम निघाली होती, आणि त्यात एक अडचण उपटली. धाकटीच्या पाचव्या हंगामातले तुकडे कुणीतरी शोधून काढले होते आणि तरुण मुले ते फोनवर एकमेकांना पाठवत होती; आता तिला वगळून चालेना. त्या तुकड्यांत स्टुडिओतले प्रेक्षक अजिबात हसत नाहीत. फोनवर पाहणारे मात्र पोट धरून हसतात. माझे विद्यार्थी वर्गात मागच्या बाकावर तेच पाहताना सापडले, तेव्हा मी त्यांना रागावण्याऐवजी तो फोन मागून घेतला. एकाच मजकुराला दोन वाचकांनी इतक्या उलट दाद द्यावी, याचा अर्थ मजकुरात दोष नसून कुठल्यातरी एका वाचनात आहे. पण कुठल्या, हे मला तेव्हा कळले नाही.

बोलावणे आले त्या दिवशी धाकटीने दोनदा नाही आणि एकदा हो म्हटले. वाहिनीने एकदाचे तेवढे धरले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिने चहात साखर दोनदा घातली आणि प्यालीही. आईला सोबत येण्याचा आग्रह केला तर ती म्हणाली, मी घरीच बघेन, शेजारणीला बोलावलंय. कारण विचारल्यावर तिने चष्मा पुसत सांगितले, "तिथं कुणीतरी मला हस म्हणून सांगणार आणि मी हसणार, हे या वयात जमायचं नाही."

हे वाक्य आम्ही दोघींनी ऐकले आणि सोडून दिले. आईची वाक्ये ऐकून सोडून द्यायची आम्हाला फार जुनी सवय आहे.

 स्टुडिओत शिरताना, दारातल्या पहारेकऱ्याने धाकटीला ओळखून मान लववली तेव्हा, तिने माझ्या कोपराला धरले. "ताई, आज लोक गप्प बसले तर मी पुन्हा उभी राहणार नाही. एकदा गप्प बसले तर म्हणता येतं, दिवस वाईट होता. नऊ वर्षांनी पण गप्पच बसले तर मग ते खरंच असतं." मी काही बोलणार तोच तिने लिफ्टचे बटण दाबले आणि आतून तिचाच आवाज आला. दरवाजे उघडत आहेत. ती त्याला 'आभारी आहे' म्हणाली.

आता इथली कामाची पद्धत सांगणे भाग आहे, कारण सगळे तिच्यावरच उभे आहे.

कार्यक्रम एकाच दिवशी दोनदा होतो. दुपारी रंगीत तालीम, खऱ्या प्रेक्षकांसमोर. संध्याकाळी थेट प्रक्षेपण, दुसऱ्या प्रेक्षकांसमोर. दुपारी ज्याला हशा येत नाही ते संध्याकाळी कापले जाते. कापण्याचा अधिकार मुख्य लेखकाचा. पहिल्या हंगामापासून ते एकच गृहस्थ आहेत आणि त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी कुणाला कधी शिकवलेले नाही. पण नटांच्या हातातल्या कागदांवर ते लाल पेन्सिलीने खुणा करत, त्यावरून ते नाव पडले. कापता न येणारी गोष्ट एकच असते, पाहुण्याचे सुरुवातीचे भाषण. त्याला तिथे सलामी म्हणतात. सलामी पाहुण्याची. ती वाईट असली तर नाचक्की पाहुण्याची, म्हणून अधिकारही त्याचाच. मास्तरांनीच पूर्वी कधीतरी घालून दिलेला हा नियम आहे.

आणि आणखी एक रीत आहे. ती नियमात नाही.

तालमीला मी प्रथमच प्रेक्षकांत बसले. इतकी वर्षे मी हा कार्यक्रम घरूनच पाहिला होता. दिवे लागण्याआधी एक गलेलठ्ठ, आनंदी माणूस पुढे आला. प्रेक्षकांना आधीच थोडे हसते करून ठेवणे हे त्याचे काम. त्याला तिथे 'बंब' म्हणतात, कारण तो गार पाणी तापवून देतो. बंबाने चार विनोद केले, टाळ्या कशा वाजवायच्या ते वाजवून दाखवले, आणि मग रंगमंचाच्या डाव्या बाजूच्या लोखंडी खांबाकडे हात केला. खांबाला टेकून, हातात कप धरून, मास्तर उभे होते. पंचाहत्तरीचे, ताठ, पांढऱ्या भुवयांचे. बंब म्हणाला, "हे आमचे मास्तर. विनोदाचा एवढा जाणकार तुम्हाला दुसरा भेटायचा नाही. कधी हसायचं कळलं नाही तर खुशाल खांबाकडे बघा."

लोक हसले. मास्तरांनी कप उंचावून त्यांना मान दिला.

तालमीत सलामीच्या आधी एक स्किट घेतात; ते हंगामातल्या नेहमीच्या नटांचे होते आणि, प्रामाणिकपणे सांगते, सामान्य होते. पण तिसऱ्या वाक्याला खांबाजवळून एक हसू फुटले. मास्तरांच्या हसण्याचा लौकिक खोटा नाही. तुंबलेला नळ अचानक सुटावा तसे ते येते, आणि ऐकणाऱ्याला आपण कशाला हसतो आहोत हे कळण्याआधीच त्याच्या ओठांचे कोपरे वर गेलेले असतात. माझेही गेले. पुढची दहा मिनिटे प्रेक्षागृह खदखदत राहिले.

मग धाकटी आली. तिने सलामी लिफ्टवर लिहिली होती, आणि घरी मी ती ऐकली होती; हसून माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. पहिला विनोद झाला. शांतता. दुसरा झाला. माझ्या शेजारच्या बाईंच्या घशात काहीतरी हलल्यासारखे झाले. त्यांनी मान वळवली, खांबाकडे पाहिले, आणि ते जे काही होते ते गिळून टाकले. मी पुढे पाहिले. पुढच्या रांगेतल्या माना वळलेल्या होत्या. त्याच्या पुढच्या रांगेतल्याही. मास्तर खांबाला टेकून, कपाच्या कडेवरून, अंत्यविधीला आल्यासारखे पाहत होते.

एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या हस्तलिखित प्रती शेजारी ठेवून वाचणे हा माझा व्यवसाय आहे. त्यातला पहिला धडा असा की दोन प्रतींत एकच चूक एकाच जागी सापडली तर त्या दोन साक्षी नव्हेत. एकीने दुसरीवरून नक्कल केलेली आहे. धाकटीने नऊ वर्षांपूर्वी दोन साक्षी ऐकल्या होत्या: मास्तर हसेनासे झाले, लोकही हसेनासे झाले. मोठा जाणकार आणि सामान्य माणूस एकच निकाल देतात, तर मग अपील कुठे करायचे? दुसरी साक्ष पहिलीकडे मान वळवून दिली जात होती, हे तिला दिसण्याची सोयच नव्हती. रंगमंचावरच्या माणसाच्या डोळ्यांवर दिवे असतात; त्याला खांब दिसतो, कारण तो कॅमेऱ्याला लागून आहे, पण प्रेक्षागृह म्हणजे नुसता काळोख. आणि खांबाच्या रीतीविषयी तिने घरी कधी सांगितले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नव्हते. आपण पाहुण्यांना घराच्या छताविषयी सांगत बसत नाही.

मला राग आला असे म्हणणे अपुरे ठरेल. पण रागाच्या खालून एक दुसरीच भावना वर येत होती, आणि ती इतकी अनपेक्षित होती की मी क्षणभर तिला ओळखले नाही. बरे वाटत होते. नऊ वर्षे घरात पडून असलेल्या दुखण्याला आज नाव सापडले होते, आणि ते दुखणे तिचे नव्हते.

मी मेकअप रूममध्ये पोहोचले तेव्हा तिथे वाहिनीच्या अधिकारी बाई आल्या होत्या. मऊ आवाजाच्या, दुसऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बोलणाऱ्या. त्यांचे म्हणणे असे होते की सलामी अर्थातच धाकटीची आहे, तिला कुणी हात लावणार नाही, पण प्रेक्षकांचा कौल सगळ्यांनीच ऐकला. तेव्हा तिने स्वतःहून ती दोन वाक्यांची करावी, नमस्कार म्हणावे, आणि पुढचे नेहमीच्या मंडळींवर सोडावे. हे त्या तिच्याच भल्यासाठी सांगत होत्या. दारात मास्तर उभे होते. ते कपात पाहत म्हणाले, लोकांना जे रुचत नाही ते त्यांच्या गळी उतरवू नये.

धाकटी आरशात स्वतःकडे पाहत होती. नऊ वर्षांपूर्वीही ती याच आरशासमोर बसली असेल. तिने थोडा वेळ मागितला आणि दोघे गेले.

दार लागल्यावर ती म्हणाली, "बघितलंस? तेच. अगदी तेच. चल, माझी पिशवी घे."

मी तिला जे पाहिले ते सांगितले. शेजारच्या बाईंचा घसा सांगितला, वळलेल्या माना सांगितल्या, बंबाचे वाक्य शब्दशः सांगितले. ती आधी म्हणाली, तू माझी बहीण आहेस म्हणून सांगतेस. मी म्हटले, बहीण म्हणून सांगायचे असते तर मी ते नऊ वर्षांपूर्वीच सांगितले असते. आज मी फक्त पाहिलेले सांगते आहे. मग मी तिला फोनवरच्या तुकड्यांची आठवण करून दिली. फोनवर पाहणाऱ्यांना खांब दिसत नाही.

 हातातला कापसाचा बोळा तिने पिळून पिळून अगदी छोटा केला.

"म्हणजे ते माझ्याकडे बघतच नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते."

"आणि मी इतकी वर्षं..." तिने वाक्य सोडून दिले आणि एकदम हसायला लागली. ते रडणे नव्हते, मी नीट पाहिले. "ताई, आई सकाळी हेच म्हणाली गं. कुणीतरी हस म्हणणार आणि मी हसणार."

"आई काय म्हणते ते आपण ऐकतो कुठे."

तिने उठून दार उघडले आणि फ्लोअर मॅनेजरला हाक मारली. सलामी आहे तशीच होईल, ती म्हणाली. एक शब्द कमी नाही. फक्त एक खुर्ची लागेल. साधी, पाठीची. कशासाठी, हे तिने त्यालाही सांगितले नाही आणि मलाही नाही. मला ते विचारायचे धैर्य झाले नाही, कारण तिचा चेहरा जेवणाच्या टेबलावर असतो तसा झाला होता, आणि तो मोडावा असे मला वाटेना.

संध्याकाळी नवे प्रेक्षक बसले. बंबाने तेच चार विनोद केले आणि पुन्हा खांबाकडे हात केला. मास्तरांनी कप उंचावला. लाल दिवा लागला, संगीत वाजले, धाकटी आली. तिच्यासमोर, जरा बाजूला, रिकामी खुर्ची होती, आणि त्या खुर्चीची पाठ आमच्याकडे होती.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी इथं पूर्वी असायची. मध्ये जरा लिफ्टमध्ये होते."

शांतता. एक दोन माना वळल्या. 

"लिफ्टची एक रीत आहे. आत शिरलं की सगळे दाराकडे तोंड करतात. कुणी सांगावं लागत नाही. एकमेकांकडे बघत उभं राहणं बरं दिसत नाही ना." ती डावीकडे वळली. "मास्तर, जरा या. आज मी दार आहे."

थेट प्रक्षेपणात नाही म्हणता येत नाही. तिथे वाढलेला माणूस हे इतर कुणापेक्षा चांगले जाणतो. मास्तरांनी कप खांबाच्या बुंध्याशी ठेवला, गुडघ्याला हात लावून पायरी चढले, आणि धाकटीने दोन्ही हातांनी अदबीने दाखवलेल्या खुर्चीत बसले. तिच्याकडे तोंड, आमच्याकडे पाठ. त्या स्टुडिओतले सगळे कॅमेरे प्रेक्षकांच्या बाजूनेच पाहतात. गेल्या पंचवीस हंगामांत प्रथमच मास्तरांचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता, एका धाकटीशिवाय.

माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाने सवयीने खांबाकडे पाहिले. तिथे कप होता. त्याने पुन्हा रंगमंचाकडे पाहिले, आणि दुसरे काही पाहण्यासारखे उरले नसल्यामुळे तो धाकटीचे बोलणे ऐकू लागला.

"लिफ्टमध्ये माझं काम सोपं," ती सांगत होती. "तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला सांगायचं. तुम्हाला ते माहीत असतं. बटण तुम्हीच दाबलेलं असतं. तरी मी सांगितल्याशिवाय कुणी बाहेर पाऊल टाकत नाही." मागे कुठेतरी कुणीतरी नाकातून हसले. "नवरा-बायको भांडत शिरतात. मी म्हणते, तिसरा मजला. दोघं गप्प. एवढा मान मला घरात कधी मिळाला नाही. माझी आई बघत असेल आत्ता, तिला विचारा." आता दोघे-तिघे हसले, आणि ते एकमेकांकडे न बघता हसले. "इथं कसं, आवडलं नाही की लोक मध्येच उठून जातात. लिफ्टमध्ये प्रेक्षक जागचा हलत नाही. हलला तर गजर वाजतो."

माझ्या शेजारी एक पोक्त गृहस्थ होते. इतका वेळ ते हाताची घडी घालून बसले होते. त्यांची घडी सुटली. मागच्या रांगेतून एका बाईंचे खणखणीत, बेशिस्त, मध्येच श्वास घेणारे हसू आले, आणि ते ऐकून चार जणी हसल्या. खांबाला सोडून लोक एकमेकांचे हसू उचलत होते, जसे माणसे कुठेही, कुणी न सांगता उचलतात.

मग धाकटी खुर्चीकडे वळली. तिने पाठ सरळ केली, हनुवटी किंचित वर नेली, आणि रोज सकाळी मला ऐकू येतो तो परका, गुळगुळीत आवाज लावला.

"मास्तर. आपण आता..."

आणि ती थांबली.

हे थांबणे मला ठाऊक होते. विद्यार्थ्यांच्या फोनवर मी ते पाहिले होते. तिच्या चेहऱ्यावर काहीही घडत नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असते तशी ती उभी राहते, नम्र, कर्तव्यदक्ष, आणि बेपत्ता. पाचव्या हंगामात याच जागी खोकले ऐकू येत. आज आधी एक हुंदका यावा तसा आवाज आला, मग दुसरा, आणि मग सगळे प्रेक्षागृह वाक्याची वाट न बघताच फुटले. ती थांबूनच होती. हशा ओसरू लागला की तिची एक भुवई हलायची आणि तो पुन्हा चढायचा. पोक्त गृहस्थांनी माझा दंड धरला होता. आमची ओळख नव्हती.

"...तळमजल्यावर आहात."

पुढचे मला नीट ऐकू आले नाही. पण मी पाहिले, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांनीच पाहिले. खुर्चीच्या पाठीवरून दिसणारे मास्तरांचे खांदे हलत होते. आधी बारीक, मग जोरात, मग दम लागल्यासारखे. आवाज मात्र येत नव्हता. तो लौकिक असलेला नळ कुणीतरी आतून दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला होता, आणि खांद्यांनी चुगली केली होती. लोकांनी त्यांच्याकडे बोट दाखवले आणि ते आणखी हसले.

मीही हसत होते. इतकी की माझा चष्मा खाली पडला आणि तो मी उचलला नाही. छातीवर ठेवलेली जड पेटी कुणीतरी न विचारता उचलून नेली होती. पेटी होती हेच मी विसरले होते. श्वास आत गेला तेव्हा आठवले.

उरलेला कार्यक्रम सुखाने पार पडला. मास्तर खांबापाशी परतले नाहीत, आणि कुणाचे काही अडले नाही.

मेकअप रूममध्ये धाकटीने बूट भिरकावले, टेबलावरची सगळी बिस्किटे खाल्ली आणि पुडा उलटा करून झाडून पाहिला. अधिकारी बाई येऊन गेल्या. त्यांना पहिल्यापासून खात्री होती, आणि प्रेक्षकांचा कौल कसा अचूक असतो हे पुन्हा सिद्ध झाले होते. मी त्यांना विचारले, दुपारचा की संध्याकाळचा? त्या गोड हसल्या. मग आईचा फोन आला. धाकटीने तो आरशाला टेकवून ठेवला. शेजारीण खुर्चीवरून घसरली, आईने सांगितले, आणि आता तिला उठता येत नाही, आणि हे तुझ्यामुळे, आणि घरात मान मिळत नाही म्हणून सगळ्या जगाला सांगितलंस ते बरं केलंस, ये तू घरी.

"आवडलं का पण?" धाकटीने विचारले.

"मला कुणी हस म्हणालं नव्हतं," आई म्हणाली. पाठोपाठ तिने नाक शिंकरल्याचा आवाज आला. तिने फोन ठेवला.

धाकटी गालावरचा रंग पुसू लागली. दार वाजले, आणि या वेळी फटीतून नव्हे, ते पूर्ण उघडले. मास्तर आत आले. हातात कप नव्हता, त्यामुळे हातांचे काय करावे हे त्यांना कळत नव्हते. त्यांनी मला पाहिले. मी उठून जाण्याची सभ्यता दाखवली नाही. इतक्या वर्षांच्या वाचनाने मला एवढे शिकवले आहे की साक्षीदाराने जागा सोडू नये.

धाकटीने त्यांना बसायला सांगितले. ते बसले, या वेळी आमच्याकडे तोंड करून. ती बोळा खाली ठेवून अगदी हळू म्हणाली, "मास्तर, तिथं तुम्ही काय करत होता ते मी बघितलं. गाल आतून चावत होता. तेव्हाही हेच करायचात?"

मी तयार होते. नऊ वर्षांचे आरोपपत्र माझ्या जिभेवर होते, पुराव्यांसह, क्रमवार. त्याची गरज पडली नाही. मास्तरांनी एकदा दाराकडे पाहिले, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे. त्यांचे खांदे खाली आले. ते जे म्हणाले ते मी इथे एक अक्षर न बदलता देते. असा मजकूर संपादित करायचा नसतो.

"मला हसू यायचं. दर वेळी यायचं, तालमीत यायचं, घरी गेल्यावर आठवून यायचं. मी ते दाबून धरायचो, कारण लोक माझ्या वाक्याला नव्हते हसत. वाक्याच्या आधी तू जी गप्प राहायचीस ना, तिथं हसायचे. आणि अख्ख्या कार्यक्रमात तेवढी एकच जागा होती, जी मी लिहिलेली नव्हती."